सीटखालची टाकी

पुण्यात बसून ‘जुनी जीप’ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? उघडं छप्पर, पावसाळी घाट, गॉगल आणि इन्स्टावर टाकायला एक झकास फोटो. बरोबर? पण सीटखाली पेट्रोलची टाकी येते का? माझ्या तरी कधी आली नव्हती. गेल्या शनिवारी मात्र आली, आणि तीही आधी नाकात.

सकाळी आठला सुप्याच्या फाट्यावर एसटीतून उतरलो. पलीकडे माळावर पवनचक्क्या संथ फिरत होत्या आणि अलीकडे माझा मित्र जीपच्या बोनेटला टेकून चहा पीत होता. एरवी हा माणूस ऑफिसात माझ्या शेजारच्या क्युबिकलमध्ये बसतो आणि एसी कमी करा म्हणून तक्रारी करतो. गावाकडे आला की तो ‘जीपमालक’ होतो. मग चालणं बदलतं, बोलणं तर बदलतंच.

‘‘बस. पण आधीच सांगतो, थोडा वास येईल.’’

थोडा? पेट्रोल पंपावर उशी घेऊन झोपल्यासारखं वाटत होतं.

‘‘गळतेय का रे?’’

‘‘गळत नाही, पाझरतेय. साबण लावलाय.’’

आणि खरंच, सीटच्या खाली टाकीच्या शिवणीवर कपड्यांच्या साबणाची वडी घासून लिंपली होती. हा म्हणे आजोबांचा उपाय. साबण पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही, त्यामुळे बारीक चीर तात्पुरती बुजते. तात्पुरती, हा शब्द मित्राने दोनदा उच्चारला. मी तिसऱ्यांदा मनात म्हटला आणि चढून बसलो.

गिऱ्हाईक आणि अट

जीप १९६६ ची. पारनेर तालुक्यातल्या त्यांच्या गावात त्या काळी चारचाकी म्हणजे एक एसटी आणि एक ही. हिच्यातून अडलेल्या बाळंतिणी गेल्या, साप चावलेले गेले, नवरदेव गेले, कांद्याच्या गोणी तर मोजायलाच नकोत. आजोबा गेल्यावर ती गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. कोंबड्यांनी मागची बाकडी ताब्यात घेतली. दोन वर्षांपूर्वी जीपमालकाने कोंबड्यांना नोटीस दिली आणि कामाला लागला.

आता प्रश्न असा, की एक गिऱ्हाईक आलंय. पैसे चांगले देतोय. त्याला ‘लूक’ हवाय: आत नवं डिझेल इंजिन, खाली रुंद टायर, टाकी उचलून मागे. दुसरीकडे वहिनींची अट आहे. त्यांनी सरळ सांगितलंय, ‘‘टाकी तिथून हलव. नाहीतर मी आणि पोरगी त्यात बसणार नाही.’’ पोरगी साडेचार वर्षांची. तिला पुढचीच सीट हवी.

‘‘म्हणजे बघ,’’ मित्र गिअर टाकत म्हणाला, ‘‘विकली तरी टाकी मागे जाणार, ठेवली तरी मागे जाणार. मग आजोबांची जीप राहिली कुठे?’’

त्यात कायद्याचीही एक गोष्ट होती. २०२१ मध्ये केंद्राने ‘व्हिंटेज’ गाड्यांचे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात जपलेली, चासी-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार नसलेली, असेल तर तिची वेगळी नोंदणी होते आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. रोजच्या वापराला किंवा धंद्याला मात्र ती काढता येत नाही. गिऱ्हाइकाचं डिझेल इंजिन एकदा आत बसलं, की हा दरवाजा बंद.

आम्ही आलटून-पालटून चालवत, ताशी चाळीसच्या वर न जाता, नगरच्या दिशेने निघालो. मागून येणारा प्रत्येक ट्रक हॉर्न वाजवून आमचं कौतुक करत होता. निदान आम्ही तरी त्याला कौतुक समजत होतो.

‘‘अर्धी रिकामी? मग तर जास्त डेंजर!’’

शहराच्या कडेला एका मिस्त्रींचं गॅरेज आहे. जुन्या जीपांसाठी जिल्हाभरातून लोक त्यांच्याकडे येतात. त्यांनी जीप थांबायच्या आधीच वास घेतला आणि हातातली पान्ह्याची पेटी खाली ठेवली.

‘‘किती आहे टाकीत?’’

‘‘अर्धीच आहे, म्हणून तर आणली,’’ मित्र जरा अभिमानाने.

‘‘अर्धी रिकामी? मग तर जास्त डेंजर, साहेब! पेट्रोल जळत नाही, त्याची वाफ जळते. फुल टाकीत वाफेला जागाच नसते. टेम्पोत घालून आणायची होती. साबण लावून पस्तीस किलोमीटर चालवता, इंजिनिअर ना तुम्ही?’’

आम्ही दोघांनीही पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. वाचकहो, तुम्ही हे करू नका.

मिस्त्रींचं म्हणणं शास्त्रशुद्ध आहे. पेट्रोलची वाफ उणे चाळीस अंशालाही पेट घेण्याइतकी तयार असते. डिझेलला त्यासाठी साधारण पन्नास अंशांच्या वर तापावं लागतं. म्हणून पेट्रोलच्या टाकीला झाळायचं म्हणजे आधी बॅटरीची वायर काढायची, टाकी पूर्ण रिकामी करायची, धुवायची आणि मग पाण्याने काठोकाठ भरायची. आत हवाच उरली नाही की वाफेचा प्रश्न मिटला. मगच चिरेपाशी काम सुरू.

पण इथे टाकी का ठेवतात मुळात? माणसाच्या बुडाखाली?

मिस्त्रींनी सीट उचलली आणि जीपच्या अंगावर हात फिरवत समजावलं. पुढे इंजिन. मागे माणसं किंवा सामान, आणि पाठीला स्टेपनी. चढ चढताना, ओढा ओलांडताना गाडीचं नाक आणि शेपूट आधी दगडाला लागतं. मग राहिलं काय? दोन चाकांच्या मधला, गाडीच्या चौकटीतला पोटाचा भाग. तिथे टाकी ठेवली की वजन मध्यभागी आणि खाली राहतं, दगड लागायची भीती कमी आणि पंपापर्यंतची नळी आखूड. छोट्या गाडीत दुसरी जागाच नव्हती.

छोटी म्हणजे किती छोटी? १९४० मध्ये अमेरिकन सैन्याने हलकी टेहळणी गाडी हवी म्हणून मागणी काढली आणि पहिला नमुना द्यायला मुदत दिली ४९ दिवसांची. त्यातून जी विलीज जीप घडली, तिच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर फक्त ८० इंच होतं. तिची सुमारे ५७ लिटरची टाकी होती ड्रायव्हरच्या सीटखाली. पेट्रोल भरायचं तर ड्रायव्हरने आधी उतरायचं, गादी उचलायची आणि मग झाकण उघडायचं! दुसऱ्या महायुद्धात अशा सहा लाखांहून जास्त जीपा बनल्या. १९४७ पासून महिंद्राने मुंबईत विलीज जोडायला सुरुवात केली आणि सीटखालची टाकी आपल्याकडे रुळली. १९४८ ची पहिली लँड रोव्हरसुद्धा त्याच वळणाची, टाकी पुढच्या सीटखालीच.

आणि ही खोड जीपची एकटीची नाही. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टी ची टाकीही सीटखाली होती. तिला पंप नव्हता, पेट्रोल उताराने आपोआप इंजिनात जायचं. उभ्या चढावर टाकी इंजिनाच्या खाली गेली की गाडी बंद! मग लोक काय करायचे? गाडी वळवून रिव्हर्समध्ये घाट चढायचे.

‘‘मग मागे हलवू या का?’’ मित्राने वहिनींचा प्रश्न पुढे केला.

मिस्त्री हसले. ‘‘दोन-तीन तास लागतील मला. तोवर रणगाडे बघून या. टाकी कुठं ठेवायची ते त्यांना विचारा.’’

पन्नास लोखंडी उत्तरं

नगरमध्ये राहून रणगाडे न बघणं म्हणजे पुण्यात राहून शनिवारवाडा न बघण्यासारखं. (बघितलाय ना?) लष्कराच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने १९९४ मध्ये उभं केलेलं कॅव्हलरी टँक म्युझियम हे आशियातलं अशा प्रकारचं एकमेव संग्रहालय मानलं जातं. झाडांच्या सावलीत पन्नासेक जुनी लढाऊ वाहनं शांत उभी आहेत. रोल्स रॉइसची चिलखती गाडीसुद्धा आहे. होय, तीच कंपनी, महाराजांची.

एरवी आपण रणगाड्याची तोफ बघतो, बरोबर? त्या दिवशी आम्ही दोघं प्रत्येक रणगाड्याच्या मागे-खाली वाकून टाक्या शोधत होतो. एका शाळेच्या सहलीतली मुलं आमच्याकडे बघून हसत होती.

ब्रिटिश माटिल्डा बघा. तिच्या पोटात दोन डिझेल इंजिनं, आणि ती मुळात बससाठी बनवलेली. जपानचा छोटा हा-गो रणगाडाही डिझेलवर. अमेरिकन मात्र पेट्रोलचे शौकीन. स्टुअर्टमध्ये त्यांनी चक्क विमानाचं इंजिन बसवलं. शर्मन रणगाडा तर इतका लवकर पेटायचा की त्याला सिगारेट लायटरचं नाव पडलं. सगळ्यांनी दोष दिला पेट्रोलला. पण पुढे तपास झाला तेव्हा कळलं, की आगीचं मुख्य कारण टाकी नव्हतीच, आत रचलेला दारूगोळा होता. मग गोळे खाली, पाण्याच्या कप्प्यांत ठेवायला सुरुवात झाली आणि आगी झपाट्याने कमी झाल्या.

‘‘म्हणजे वास एकाचा, आग दुसऱ्याची,’’ जीपमालक म्हणाला. त्याचा चेहरा जरा उजळला होता.

पॅटनजवळ आम्ही बराच वेळ उभे होतो. एम-४७ पॅटनच्या टाकीत सुमारे ८८० लिटर पेट्रोल मावायचं आणि तेवढ्यावर हा धूड जायचा साधारण १३० किलोमीटर. म्हणजे फुल टाकीत पुणे-नगर, तेही वन-वे! सुरुवातीच्या सेंचुरियनचीही तीच कथा, रेंज शंभर किलोमीटरच्या आसपास. ब्रिटिशांनी तर तिच्यामागे एका चाकाची ट्रॉली जोडून त्यात ९०० लिटर पेट्रोल न्यायची सोय केली होती. रशियन टी-५५ ची युक्ती वेगळी: डिझेलची दोन पिंपं शेपटीला बांधायची आणि लढाईआधी सोडून द्यायची. पण त्याच टी-५५ मध्ये ड्रायव्हरच्या शेजारी अशी टाकी आहे, जिच्यातल्या खोबणींत तोफगोळे ठेवतात. डिझेल आणि गोळे एकाच कपाटात.

याहून भारी ऐकायचंय? पायदळाला घेऊन जाणाऱ्या रशियन बीएमपी-१ गाडीत सैनिक पाठीला पाठ लावून बसतात आणि मधे असते मुख्य टाकी. वर मागचे दोन्ही दरवाजे पोकळ, त्यांतही डिझेल! अशा गाड्यांतून लढणाऱ्या आपल्या मेकनाइज्ड इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटरही याच नगरमध्ये आहे. जीपच्या सीटखालची टाकी आता आम्हाला अगदी घरगुती वाटायला लागली.

जीप विरुद्ध पॅटन

आणि मग आठवला तो सप्टेंबर १९६५. पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तरची लढाई. समोर पाकिस्तानचे पॅटन. इकडे ४ ग्रेनेडिअर्सचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद. त्यांच्याकडे काय होतं? १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस गन, बसवलेली एका जीपवर. ना चिलखत, ना छप्पर. उसाच्या आणि कापसाच्या शेतांतून जीप आडोशाला न्यायची, पॅटन टप्प्यात येईपर्यंत थांबायचं, गोळा सोडायचा आणि धूर दिसायच्या आत जागा बदलायची. त्यांनी एकामागून एक पॅटन निकामी केले. १० सप्टेंबरला त्या जीपवरच त्यांना वीरमरण आलं. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

आम्ही तासाभरापूर्वी ज्या प्रकारच्या गाडीतून आलो होतो, त्या प्रकारच्या गाडीत बसून एक माणूस रणगाड्यांसमोर गेला होता. वासाबद्दल आता कुणी काही बोललं नाही.

नगरच्या याच स्कूलने आणखी एक रणगाडा जपलाय. त्याचं नाव ‘फामागुस्ता’. हा सेंचुरियन, पूना हॉर्सचा. नावात पुणं असलेली ही रेजिमेंट १८१७ ची. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल या रणगाड्यात होते. वय २१. रणगाड्याला गोळा लागला, आग लागली. वायरलेसवर आदेश आला, रणगाडा सोडून बाहेर पडा. त्यांनी उलट कळवलं, तोफ अजून चालतेय, मी सोडणार नाही. ते लढत राहिले आणि तिथेच गेले. त्यांनाही मरणोत्तर परमवीर चक्र. त्यांच्या आधी, १९६५ मध्ये, याच रेजिमेंटचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांच्या रणगाड्यालाही आग लागली होती आणि तेही परमवीर चक्राचेच मानकरी.

एकवीस वर्षं. आपल्याकडे त्या वयात कॅम्पस इंटरव्ह्यू असतो.

बाहेर पडताना मित्र गप्प होता. मीही. फोन वाजला, गिऱ्हाइकाचा होता. त्याने उचलला नाही.

वहिनींचा निकाल

गॅरेजमध्ये टाकी बाकावर पालथी पडली होती. मिस्त्रींनी आतली माती काढून दाखवली, एक वाटीभर निघाली. ‘‘झाळून देतो, पण हे तात्पुरतं. पत्रा आतून गंजलाय. महिन्याभरात त्याच मापाची नवी टाकी करून घ्या. झाकणाचा रबर नवा, नळी नवी, हवेची नळी मोकळी. सीटखालचे पट्टे घट्ट, टाकी हलता कामा नये. पुढे पायाशी आग विझवायचं सिलिंडर. झालं.’’

‘‘आणि मागे हलवायचं?’’

मिस्त्रींनी उत्तर म्हणून एक गोष्ट सांगितली, जी नंतर मी ताडून पाहिली. अमेरिकेत १९७० च्या दशकात जीपांची टाकी सीटखालून काढून मागे नेली गेली. पण त्याच दशकात फोर्ड पिंटो गाजत होती. तिची टाकी मागच्या ॲक्सलच्या मागे होती आणि मागून धडक बसली की पेटायची. १९७८ मध्ये फोर्डने अशा सुमारे १५ लाख गाड्या परत बोलावल्या. मागून ट्रक ठोकणार असेल तर टाकी मागे नको, हे नगर रोडवर चालवणाऱ्याला वेगळं सांगायला नको. आज तुमच्या-माझ्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत टाकी असते कुठे? मागच्या ॲक्सलच्या पुढे, मागच्या सीटखाली! फक्त ती बाहेरच्या बाजूला, पत्र्यापलीकडे असते, म्हणून आपल्याला कळत नाही. फिरून फिरून सीटखालीच.

जीपमालकाने तिथूनच वहिनींना व्हिडिओ कॉल लावला. टाकी दाखवली, चीर दाखवली, वाटीभर माती दाखवली. पिंटो सांगितली, पॅटन सांगितला. वहिनींनी सगळं शांतपणे ऐकलं.

‘‘टाकी राहू दे तिथेच,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण नवी बसव. मग दोन महिने तू एकटा चालव. वास आला नाही, तर दिवाळीत आम्ही बसू. शेतात. हायवेवर नाही, तिला बेल्ट नाहीत. आणि साबणाचं मला आत्ता कळतंय.’’

कॉल कट झाला. यात हरलं कोण आणि जिंकलं कोण, ते तुम्ही ठरवा. गिऱ्हाइकाला मात्र त्याने तिथूनच मेसेज टाकला: विकायची नाही.

संध्याकाळी गावी पोचलो. या वेळी वास नव्हता, म्हणजे अगदीच होता, पण नाकाला शोधावा लागत होता. आजींनी हुलग्याचे शेंगोळे आणि बाजरीची भाकरी वाढली. मी त्यांना विचारलं, आजी, तुम्हाला कधी भीती नाही वाटली, खाली पेट्रोल आणि वर आपण?

‘‘आमचे हे दिवसाला बंडल ओढायचे विडीचं,’’ आजी म्हणाल्या. ‘‘डॉक्टर म्हणाला सोडा, नाही सोडली. मी म्हटलं सोडा, नाही सोडली. पण जिपात बसले की खिशातली काडेपेटी आधी काढून माझ्याकडं द्यायचे. चाळीस वर्षं. एकदा पण इसरले नाहीत.’’

जीपमालकाने उठून जीपच्या चाव्या खुंटीला अडकवल्या. शेजारी एक जुनी, रिकामी काडेपेटी टांगलेली होती. ती का टांगली आहे, हे मी इतके वर्षं विचारलं नाही, असं तो म्हणाला.

जाताय का?

कसं जाल: पुण्याहून नगर सुमारे १२० किलोमीटर. वाघोली, शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर, सुपे अशा वाटेने. सकाळी लवकर निघा, वाघोलीचा ट्रॅफिक टळेल. एसटी भरपूर. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अधिकृतपणे अहिल्यानगर झालंय, त्यामुळे पाट्या शोधताना दोन्ही नावं लक्षात ठेवा.

काय बघाल: कॅव्हलरी टँक म्युझियम. परिसर लष्कराचा आहे, ओळखपत्र जवळ ठेवा आणि वेळा आधी विचारून घ्या. वेळ असेल तर भुईकोट किल्ला. १९४२ च्या आंदोलनानंतर पंडित नेहरूंना इथेच ठेवलं होतं आणि ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ त्यांनी इथेच लिहिलं. सूर्यास्ताला चांदबिबीचा महाल गाठा. नाव चांदबिबीचं असलं तरी ती मुळात सलाबतखानाची कबर आहे. वरून सगळं नगर दिसतं.

काय खाल: बाजरीची भाकरी, ठेचा आणि कुणी प्रेमाने वाढले तर शेंगोळे. हॉटेलात मिळाले तरी घरचेच खा.

काय नेऊ नका: जुन्या जीपमधून जात असाल, तर काडेपेटी.